माझी मैना: पाच खंड, आणि त्यातले शेवटचे तीन

1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीचे मंडप उभे राहतात आणि त्यातल्या बहुतेक मंडपांत ‘माझी मैना गावावर राहिली’ वाजतंच. ढोलकी धरते, माणसं डोलतात, नवऱ्याला वेशीपर्यंत घालवायला आलेली मैना हात उंचावून उभी राहते, आणि पुष्कळ ठिकाणी गाणं तिथंच आवरतं. टाळ्या पडतात, पुढचं गाणं लागतं. पण या छक्कडीचे (छक्कड हा लावणीचाच एक प्रकार) पाच खंड आहेत आणि मैना हात उंचावते ती दुसऱ्या खंडाच्या शेवटी. म्हणजे निम्म्याहून जास्त रचना कुणी ऐकलेलीच नसते. जी राहते ती नेमकी राजकीय रचना आहे, आणि पहिले दोन खंड अण्णाभाऊंनी लिहिले ते तिच्यासाठीच.

अण्णाभाऊंचा वारसा म्हटलं की ‘फकिरा’ ही कादंबरी, रशियाचा प्रवास आणि भाषणांतली दोन-तीन वाक्यं यांच्यावर बोलणं होतं. ते सगळं महत्त्वाचं आहे. पण या माणसाचं राजकारण विषयात जेवढं आहे तेवढंच रचनेत आहे: गाणं कुठं सुरू करायचं, कुठं वळवायचं, कुणाच्या तोंडी काय घालायचं, यात. ते समजून घेतल्याशिवाय त्यांना गाता येत नाही.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. मातंग समाजात जन्म, आणि हा समाज त्या काळी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली भरडला जात होता. पोलिसांपुढे रोज हजेरी द्यायची म्हणजे काय, हे पुढं ‘फकिरा’त आलं ते घरातूनच. शाळा नावापुरती. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला साठे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला निघालं. हमाली, कोळसा वाहणं, गिरणीतलं काम, मिळेल ते केलं. मग माटुंग्याची लेबर कॅम्प, तिथले कम्युनिस्ट कार्यकर्ते, आणि नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात लागलेलं वळण. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. या तिघांची विभागणी सांगण्यासारखी आहे: अमर शेखांचा आवाज भोंग्याविना मैदान भरणारा, गव्हाणकर स्वतः शाहीर आणि नट, आणि अण्णाभाऊंची लेखणी. ‘माझी मैना’ लोकांपर्यंत पोचली ती मुख्यतः अमर शेखांच्या गळ्यातून.

कलापथकाचा श्रोता कोण होता, हे आधी डोळ्यांपुढं आणावं लागतं. पाळी सुटून आलेला गिरणी कामगार, त्याची बायको, चाळीतली पोरं. त्यातले कितीतरी जण निरक्षर. पत्रक वाटून तिथं काही होणार नव्हतं. पण त्यातल्या प्रत्येकानं घाटावर किंवा कोकणात कधी ना कधी तमाशा, भजन, भारूड, पोवाडा ऐकलेला होता. अण्णाभाऊंनी श्रोत्याला नवं व्याकरण शिकवायच्या भानगडीत न पडता त्याला तोंडपाठ असलेलं व्याकरण घेतलं आणि त्यातले घटक एकेक करून बदलले.

तमाशाचा क्रम ठरलेला: गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य. गणात गणपतीला वंदन. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण वंदन मायभूमीला, शिवरायांना, कष्टकऱ्यांना, हुतात्म्यांना केलं. गण काढून टाकला असता तर श्रोत्याला खेळ सुरू झालाय हेच कळलं नसतं, म्हणून साचा शाबूत राहिला आणि देवता बदलली. गवळणीतली कृष्ण, पेंद्या, मावशी ही मंडळी मात्र त्यांनी गाळली. कारण साधं होतं. गवळणीत बाईची वाट अडवून तिची थट्टा करतात, आणि ज्या खेळात बाई संपावर जाणार आहे त्याची सुरुवात तिच्या थट्टेनं करता येत नाही. बतावणी ठेवली, कारण राजकारण तिथं सगळ्यात सहज येतं. सोंगाड्या मालकाला, सावकाराला, पुढाऱ्याला प्रश्न विचारतो, उत्तर मिळाल्यावर त्याचा सरळ अर्थ लावतो, आणि समोरचा उघडा पडतो. भाषण कुणीच करत नाही. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ हे वग अशा प्रश्नोत्तरांवरच चालतात.

आज हे वग बसवणारे नेमके इथं घसरतात. सोंगाड्याला विनोदी नट समजून त्याला अंगविक्षेप देतात आणि मालकाला मिशा पिळायला लावतात. मग प्रश्न हरवतो. सोंगाड्यानं प्रश्न खरंच न कळल्यासारखा विचारला पाहिजे, आणि मालकानं उत्तर खरंच पटवून द्यायचा प्रयत्न केला पाहिजे. मालक जेवढा शहाणा आणि गोड, तेवढा प्रसंग बोचतो. नेपथ्य लागत नाही. रंगमंचावर एक गिरकी घेतली की पात्र गावाहून मुंबईत पोचतं, हा तमाशाचा जुना संकेत पुरेसा आहे. मागं उभे राहून सूर धरणारे झीलकरीच कधी जमाव होतात, कधी पोलीस, कधी गिरणीच्या दारातली रांग. पडदा, प्रकाशयोजना, ध्वनिफीत घातली की हे सगळं जड होऊन बसतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं लाल बावट्याच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशाही सरकारच्या नजरेत आला होता. या काळात ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झालं आणि त्याच्याशी अण्णाभाऊंचं नाव कायमचं जोडलं गेलं. वग आणि पोवाडा हे दोन्ही साचे हातात असल्याचा फायदाही तेव्हाच कळतो. वगाला आठ-दहा माणसं, ढोलकी, कडं, तुणतुणं, झांज आणि तासाभराची सलग जागा लागते. पोवाड्याला एक शाहीर, एक डफ, एक तुणतुणं आणि दोन झीलकरी पुरतात. त्यांना कुठल्याही सभेत दहा मिनिटं उभं करता येतं.

आता ‘माझी मैना’. वेळ द्यायचा तो इथं.

प्रत्येक खंडाची बांधणी सारखी आहे. आधी ‘ची’वर संपणाऱ्या तुकड्यांची लांब माळ. मग तीन आखूड ओळी, एकमेकींशी यमक जुळलेल्या. मग एक लांब ओळ, जी ‘काहिली’शी यमक साधते. आणि मग ध्रुवपद, ‘माझ्या जिवाची होतिया काहिली’. आखूड ओळी सहा ते नऊ अक्षरांच्या आहेत. दुसऱ्या खंडात त्या नेमक्या आठ-आठ अक्षरांच्या आहेत: मैना मनात खचते, डोळ्यात रुसते, गालात हसत नाही. तीन ओळी, शरीराच्या तीन जागा, आणि चौथ्या लांब ओळीत हात वर. पाचही खंडांच्या यमकाच्या जागा ओळीनं लिहून काढल्या की रचना उघडी होते: गाइली, राहिली, साहिली, वाहिली, राहिली. आधी मैनेच्या गुणांची छक्कड गाइली, मग ती वेशीवर उभी राहिली, मग गोळी छातीवर साहिली, मग रक्ताची धार वाहिली. आणि शेवटी बिनी, म्हणजे शत्रूची आघाडी, मारायची अजून राहिली. दुसऱ्या खंडात बायको राहिली, पाचव्यात लढाई राहिली. दुसऱ्या खंडावर थांबणारा गायक पहिलं राहणं गातो आणि दुसरं सोडून देतो.

पहिला खंड मैनेचं वर्णन. रंग गव्हाळी, बांधा ओतीव, भुवया इंद्रधनूच्या कमानीसारख्या. हे शृंगारिक लावणीचं ठरीव सामान आहे, आणि अण्णाभाऊंनी ते ठरीवच ठेवलंय. श्रोत्याला वाटलं पाहिजे की आपण ओळखीच्या लावणीत आहोत. पण त्याच माळेत ती आंधळ्याची काठी आहे, गरिबाची मैना आहे. ही दोन विशेषणं गाताना जरा उचलून धरायची, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

दुसरा खंड निरोपाचा. भल्या पहाटेची वेळ, भाकरतुकड्याची बांधाबांध. नवरा तिला हसवायला दागिन्यांची वचनं देतो: शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्याची माळ, कानात गोखरं, पायात मासोळ्या, दंडात येळा, सर्ज्याची नथ. ही यादी गायक एका दमात म्हणून टाकतात, कारण ती तोंडात छान घोळते. इथं घाई करू नये. ज्याच्याकडं गाडीभाडं नाही असा माणूस ही वचनं देतोय आणि बायकोला ते कळतंय. एकेक दागिना जरा अडखळत, पुढचा सुचायला क्षण लागल्यासारखा आला, तर खचलेली मैना न सांगता समोर उभी राहते.

तिसऱ्या खंडात हीच युक्ती उलटी येते. आता यादी मुंबईची: यंत्राची, तंत्राची, जगणारांची, मरणारांची, हडसनच्या गाडीची, नायलॉनच्या आणि जॉर्जेटच्या साडीची, माडीवर माडीची. दुसऱ्या खंडात जे वचनात होतं ते सगळं वैभव इथं डोळ्यांपुढं आहे, फक्त दुसऱ्याचं. आणि दागिने मढवणाऱ्याची स्थिती काय, तर खिसा पावसाच्या पाण्यानं भरलाय आणि एका छत्रीची वाण आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की शोषण हा शब्द न वापरता शोषण समजतं. मराठी राजकीय कवितेत इतक्या कमी जागेत हे इतकं नेमकं करणारी दुसरी रचना माझ्या नजरेत नाही. म्हणून दागिन्यांची यादी आणि मुंबईची यादी एकाच लयीत, एकाच स्वरात म्हणायच्या. तिसऱ्या खंडात आवाज चढवून मुंबईला शिव्या घातल्या, तर श्रोत्याला दोन्ही याद्यांचं नातं ऐकूच येत नाही.

याच खंडात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उठते. बेळगाव, कारवार, निपाणी, आणि गोवाही. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडं होता, तो मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. डमडमच्या गोळीचा उल्लेख आहे त्यामागं 21 नोव्हेंबर 1955 चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि जानेवारी 1956 मधले मुंबईतले गोळीबार आहेत. तरुण गायकांना हे सांगून ठेवावं, नाहीतर ‘डमडम’ हा ढोलकीचा बोल असल्यासारखा वाजवला जातो. ती आत शिरून फुटणारी बंदुकीची गोळी आहे.

चौथा खंड सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त गाळला जाणारा. कवी आपलं नाव घालतो, तेही शेवटाआधीच. मग रामायण येतं: निकुंबळीला इंद्रजिताची कत्तल, रावणाचं चौदा चौकड्यांचं राज्य, जळालेली लंका. निकुंबळी म्हणजे इंद्रजित यज्ञाला बसला होता ती जागा. यज्ञ पुरा झाला असता तर तो अजिंक्य झाला असता, म्हणून लक्ष्मणानं त्याला तिथंच गाठलं. कामगार श्रोत्याला ही कथा कीर्तनातून पाठ होती. लगेच पुढं मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची नावं येतात. मोरारजी 1952 ते 1956 मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, पाटील मुंबई काँग्रेसचे बलाढ्य नेते, आणि मुंबई महाराष्ट्राला द्यायला दोघांचाही विरोध. आज काही जण वाद नको म्हणून ही नावं गाळतात. तसं केलं की रावणाची उपमा लोंबकळत राहते, कारण उपमान आहे आणि उपमेय नाही. नावं गाळायची असतील तर अख्खा खंड गाळलेला बरा, आणि खंड गाळायचा नसेल तर नावं स्पष्ट उच्चारायची. त्यानंतर परळ, लालबाग, फाउंटन ही ठिकाणं येतात, श्रोत्याच्या रोजच्या वाटेवरची. पुराणातून थेट ट्रामच्या थांब्यावर आणून सोडणारी ही उडी ऐकू यायला हवी, म्हणून ‘परळ’च्या आधी ढोलकीनं एक आवर्तन रिकामं सोडावं.

पाचवा खंड म्हणजे सगळ्याचा उलगडा. मुंबई मिळाली, गुढी उभारली, पण अंतरीची तगमग थांबत नाही. गावाकडं मैना आहे आणि तिची भेट नाही. आणि तीच गत या खंडित महाराष्ट्राची, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या मालकीत. इथं कळतं की लावणी कशासाठी होती. विरह हे रूपक आधी दिलंच नव्हतं, चार खंडभर तो खराखुरा एका गरीब जोडप्याचा विरह होता. तो तसाच राहतो, आणि त्याच्या शेजारी नकाशावरची ताटातूट आणून ठेवली जाते. राज्यपुनर्रचनेसारखा कोरडा, कागदी विषय गिरणी कामगाराच्या पोटात उतरवायचा कसा, या प्रश्नाला अण्णाभाऊंनी दिलेलं उत्तर हे आहे. त्या श्रोत्यांतल्या बहुतेकांची बायको खरोखर गावावर राहिलेली होती.

या खंडातल्या आखूड ओळी बाकीच्यांहून लहान आहेत, सहा-सहा अक्षरांच्या: वळू नका, पळू नका, चळू नका. अक्षरं कमी झाल्यानं लय आपोआप वाढल्याचा भास होतो. ढोलकीवाल्यानं इथं खरोखर लय वाढवली की शेवटची ओळ धावत निघून जाते. ठेका तोच ठेवावा आणि तीन ओळींच्या दरम्यान श्वास घेऊ नये. श्वास तिसऱ्या ओळीनंतर, चांगला भरून. मग ‘बिनी मारायची’ एकट्या शाहिरानं, झीलकऱ्यांशिवाय. झीलकऱ्यांनी फक्त ध्रुवपद उचलायचं. ते आखूड ओळींतच शिरले तर यमकाचा घाव पडत नाही, आणि ही चूक चांगल्या चांगल्या पथकांत ऐकू येते.

लयीबद्दल आणखी एक. सुरुवातीचा ठेका ठरवताना तिसरा खंड म्हणून पाहावा, पहिला नव्हे. मुंबईची यादी ज्या वेगात प्रत्येक शब्द ऐकू येईल असा म्हणता येतो, तो वेग अख्ख्या छक्कडीचा. पहिल्या खंडाच्या मोहात पडून वेगात सुरुवात केली की तिसऱ्यात शब्द गिळले जातात, चौथ्यातली निकुंबळी कुणालाच कळत नाही, आणि मग गायकच म्हणतो, पुढचं लोकांना समजत नाही, गाळूया. गाणं अर्धं होण्याचं हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

शब्दांचे पाठभेद पुष्कळ मिळतात. ‘ची’वर संपणारा प्रत्येक तुकडा सुटा आहे, त्याला क्रियापद लागत नाही, त्यामुळं गाणारा एखादा तुकडा विसरला किंवा स्वतःचा घातला तरी माळ तुटत नाही. मौखिक परंपरेसाठी ही सोय आहे, संपादकासाठी डोकेदुखी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं अण्णाभाऊंचं निवडक वाङ्मय प्रसिद्ध केलं आहे. बसवण्याआधी त्यातल्या पाठाशी ताडून घ्यावं, आणि निदान आखूड ओळी व यमकाच्या जागा तरी बदलू नयेत.

बाकीच्या रचनांवर इतकं थांबता येणार नाही. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईवरचा, ‘बंगालची हाक’ दुष्काळावरची, ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ गिरणी कामगारांवरच्या गोळीबारावरचा. दूरच्या शहरातली लढाई मराठी वीररसात बसवताना अण्णाभाऊ शिवकालीन पोवाड्याची चाल वापरतात, त्यामुळं रशियन सैनिक मावळ्यांच्या रांगेत येऊन उभे राहतात. 1949 मध्ये अलाहाबादच्या अधिवेशनात ते ‘इप्टा’चे, म्हणजे भारतीय जननाट्य संघाचे, अध्यक्ष झाले, आणि 1961 मध्ये सोव्हिएत युनियनला जाऊन आले.

अण्णाभाऊ मार्क्सचे की आंबेडकरांचे, हा वाद त्यांच्या नावावर फार वर्षं चाललाय. 1958 मध्ये मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी आलेली ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, आणि ‘जग बदल घालुनी घाव’ हे गीत भीमरावांचा निरोप म्हणून लिहिलं. दलित आणि श्रमिक हे दोन शब्द त्यांनी एकाच वाक्यात शेजारी ठेवले होते. त्यांतला एक खोडून उरलेला आपल्या झेंड्यावर घेणं ही त्यांच्यावर केलेली जबरदस्ती आहे, मग ती कुठल्याही बाजूनं होवो.

18 जुलै 1969 ला गोरेगावात ते गेले, वय 48. आयुष्याची अखेरची वर्षं गरिबीत गेली. त्यानंतर सहा आठवड्यांत, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. लेखणी आणि गळा एकाच पावसाळ्यात गेल्यानं या गाण्यांची मूळ गायकी पुढं सलग शिकवणारं कुणी उरलं नाही, आणि आजच्या अर्धवट ‘मैने’मागं हेही एक कारण असावं. पुढं 2002 मध्ये टपाल तिकीट आलं, 2022 मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, म्हणजे पाचव्या खंडातली बेळगाव-कारवारची ओळ अजून चालू विषयाची आहे. जयंतीच्या कार्यक्रमात वेळ खरोखरच कमी असेल, तर शेवट कापू नका. पहिल्या खंडातली रूपाची विशेषणं निम्मी करा, पण ‘आंधळ्याची काठी’ आणि ‘गरिबाची’ ठेवा. दागिन्यांची यादी पूर्ण घ्या, मुंबईची पूर्ण घ्या. चौथा खंड अगदीच जमत नसेल तर पुरता सोडा, आणि तिसऱ्याच्या ध्रुवपदावरून सरळ पाचव्यात जा. यमकाची साखळी तिथं ‘साहिली’वरून ‘राहिली’ला नीट लागते.